मॅग्नेटोची चेन पुन्हा पुन्हा ढिली होते, टायमिंग सरकतं: मॅचलेस जी३/एलवर सापडलेलं कारण

मॅग्नेटोची, म्हणजे बॅटरीशिवाय प्लगला ठिणगी देणाऱ्या जनित्राची, चेन ताणली की गाडी पंधरा दिवस सुरेख चालते. मग हळूहळू आयडलिंग बिघडतं, सायलेन्सरमधून अधूनमधून फट्ट असा आवाज येतो, घाटात दम राहत नाही आणि सायलेन्सरचा वाकलेला पाईप हेडजवळ निळा पडायला लागतो. उजव्या बाजूचं चेनकेसचं झाकण उघडावं तर चेन परत लोंबलेली. एका हंगामात हे तीनदा झालं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की मी रोगावर नाही, तापावर गोळी देतोय.

माझी गाडी युद्धकाळातली मॅचलेस जी३/एल. ३४७ सीसी, ओएचव्ही (व्हॉल्व्ह वर हेडमध्ये), ६९ बाय ९३ मिमीचं बोअर-स्ट्रोक. लंडनच्या प्लमस्टेडमध्ये असोसिएटेड मोटर सायकल्सने १९४१ पासून टेलिस्कोपिक फोर्क लावून सैन्यासाठी बनवली तीच. युद्ध संपल्यावर लष्कराच्या लिलावातून अशा गाड्या आपल्याकडे बऱ्याच पसरल्या. माझी शिरोळ तालुक्यातल्या एका गोठ्यात, वैरणीखाली मिळाली. पुढे जे सांगतोय ते या गाडीवर केलेलं आहे, पण ज्या ज्या जुन्या गाडीत मॅग्नेटो चेनवर चालतो (नॉर्टन १६एच हे आपल्याकडचं दुसरं नेहमीचं उदाहरण), तिथे तत्त्व तेच. बीएसए एम२० वाल्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल. त्यांच्याकडे गिअर आहेत, चेनची कटकटच नाही.

आपल्याकडचे मिस्त्री या चेनपाशी का अडखळतात तेही सांगतो. त्यांचा हात बुलेटवर बसलेला. बुलेटच्या टायमिंग साइडला गिअरची रांग, त्यात ताणायचं काहीच नाही. म्हणून मॅचलेस समोर आली की ते मागच्या चाकाच्या चेनचा हिशोब इथे लावतात: ढिली आहे ना, मग ओढा. मागच्या चाकाची चेन जरा ढिली झाली तर झटका बसतो. इथे चेन ढिली झाली की ठिणगी पडायची वेळ, म्हणजे टायमिंग, बदलते.

किती बदलते, याचा हिशोब एकदा कागदावर मांडाच. मॅग्नेटो आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅम दोन्ही इंजिनच्या निम्म्या वेगाने फिरतात, म्हणून कॅमकडचं आणि मॅग्नेटोकडचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) सारख्याच दातांचं असतं. चेनचा पिच (एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंतचं अंतर) ३/८ इंच, म्हणजे ९.५२५ मिमी. समजा स्प्रॉकेटला १८ दात आहेत (तुमचे मोजा), तर त्याची त्रिज्या साधारण २७ मिमी येते. ओढीच्या बाजूला चेन १ मिमी वाढली की मॅग्नेटो सुमारे २ अंश मागे पडतो. आणि मॅग्नेटोचे २ अंश म्हणजे क्रँकचे ४. ओढीची बाजू पाच इंचांची धरली आणि चेन फक्त एक टक्का लांबली, तरी ठिणगी पाचेक अंश उशिरा पडते. घाटात दम का जातो, पाईप निळा का पडतो, ते एवढ्यात कळतं: जाळ उशिरा लागतो, जळतं मिश्रण एक्झॉस्टमधून बाहेर जातं.

आता याची दुसरी बाजू, जी मला स्वतःला गुडघ्यावर शिकायला मिळाली. चेन ताणली की मॅग्नेटो कॅमपासून दूर जातो, स्प्रॉकेट फिरण्याच्या दिशेने थोडं पुढे सरकतं, म्हणजे टायमिंग पुढे जातं, ठिणगी लवकर पडते. ढिल्या चेनवर कुणी टायमिंग बरोबर लावून ठेवलं असेल आणि तुम्ही नंतर नुसती चेन ताणली, तर टायमिंग गरजेपेक्षा पुढे. मी तेच केलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ॲडव्हान्स लिव्हर (ठिणगी लवकर-उशिरा करायची दांडी) अर्ध्यावर आणायला विसरलो आणि किक अशी उलटली की दोन दिवस जिना एकेक पायरी उतरत होतो. तेव्हा पहिला नियम: चेनला हात लावला की टायमिंग तपासल्याशिवाय झाकण बसवायचं नाही. चेन ताणणं हे निम्मं काम आहे.

आधी खात्री करा, की दोष चेनचाच आहे

मॅग्नेटो कमजोर झाला तरी गाडी फटफटते, आणि लोक उगाच चेनच्या मागे लागतात. फरक असा: कंडेन्सर किंवा वाइंडिंग गेलेलं असेल तर गाडी थंड असताना छान सुरू होते आणि तापल्यावर रुसते. चहाला थांबलात की परत सुरू होत नाही, अर्ध्या तासाने होते. चेन ढिली असेल तर थंड-गरम असा भेद नसतो. आयडलला ठोके एकसारखे पडत नाहीत, थ्रॉटल दिला की सुधारल्यासारखे वाटतात. स्ट्रोब लाइट (ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा) असेल आणि वेगळ्या बॅटरीवर चालवता येत असेल तर लावून बघा. चेन ढिली असेल तर टायमिंगची खूण एका जागी दिसत नाही, नाचते.

नाचण्याचं कारण मोठं मजेशीर आहे. प्लग काढून मॅग्नेटोचं स्प्रॉकेट मोकळं हाताने फिरवून बघा. एका फेरीत दोनदा ते अडतं आणि अडण पार झाली की स्वतःच पुढे उडी मारतं. चुंबक आर्मेचरला (मॅग्नेटोतल्या फिरत्या गाभ्याला) आधी धरून ठेवतं, मग सोडतं. कॅमचंही तसंच: व्हॉल्व्हची स्प्रिंग आधी विरोध करते, मग ढकलते. या दोघांच्या ओढाताणीत ढिल्या चेनचा झोल कधी या बाजूला जातो, कधी त्या. म्हणून ठिणगी नुसती उशिरा पडत नाही, दर वेळी वेगळ्या ठिकाणी पडते.

झाकण काढल्यावर त्याच्या आतल्या बाजूला बघा. चेन आपटत असेल तर ॲल्युमिनियमवर चकाकती रेघ उमटलेली असते. उलट, चेन फार ताणलेली असेल तर आयडलला बारीक कुंईं असा आवाज येतो, आणि ते जास्त वाईट. ढिल्या चेनने गाडी नीट चालत नाही एवढंच. फाजील ताणलेली चेन मॅग्नेटोचं बेअरिंग आणि कॅमचा बुश खाते. ढिली चेन परवडली, ताठ नको.

माझं चुकत काय होतं

पहिल्यांदा मी चेन जुनी म्हणून तिलाच दोषी धरलं. चेन काढून रॉकेलमध्ये धुतली, सपाट लाकडावर ताणून मोजली. ३/८ पिचच्या नव्या चेनचे ३२ पिच बरोबर १२ इंच भरतात. माझी एक सुताने जास्त भरली. बारा इंचांत एक सूत, म्हणजे १/८ इंच, म्हणजे एक टक्का. मागच्या चाकाला हे चालून जातं. मॅग्नेटोला मी तेवढ्यावर चेन फेकतो. आणखी एक साधी तपासणी: चेन आडवी धरा, पट्ट्या वर-खाली येतील अशी, आणि एक टोक मोकळं सोडा. नवी चेन जवळपास सरळ राहते, घासलेली धनुष्यासारखी वाकते.

नवी चेन आणायला गेलो तिथे दुसरी चूक. दुकानात ३/८ ची म्हणून जी मिळते ती बहुतेक वेळा कारखान्यातल्या यंत्रांवरची ०६बी चेन असते. पिच बरोबर, पण आतली रुंदी ५.७२ मिमी. बऱ्याच मॅग्नेटो स्प्रॉकेटचे दात त्याहून बारीक असतात. रुंद चेन बसते, फिरते, पण आडवी डुलत राहते आणि तिच्या लिंकची क्लिप झाकणाला घासते. मी महिनाभर तशीच चालवली. झाकणात गोल खाच पडली तेव्हा कळलं. म्हणून दुकानात जाताना जुनी चेन आणि कॅलिपर दोन्ही घेऊन जा, आणि आतल्या पट्ट्यांमधलं माप घ्या. हल्लीच्या गाड्यांची टायमिंग चेन बसेल का असं कुणी विचारतं. त्यातल्या नेहमीच्या २५एच चेनचा पिच पाव इंच असतो, तेव्हा तो विषय सोडा.

योग्य रुंदीची चेन मिळाली, बसवली, ताणली, टायमिंग लावलं. गाडी अशी पळाली की वैभववाडीकडून करूळ घाट चढताना गगनबावड्यापर्यंत तिसरा गिअर फार कमी वेळा सोडावा लागला. तीन आठवड्यांनी परत तेच. चेन नवीकोरी, मोजली तर केसभरही वाढलेली नाही, तरी लोंबतेय.

आता चेन वाढली नसेल आणि तरी ढिली होत असेल, तर दोन स्प्रॉकेटमधलं अंतर कमी झालं असलं पाहिजे. दुसरं काही असूच शकत नाही. हे वाक्य लिहायला दोन सेकंद लागले, सुचायला अख्खा उन्हाळा गेला.

या गाडीत मॅग्नेटो सिलिंडरच्या मागे एका प्लॅटफॉर्मवर बसतो. तो प्लॅटफॉर्म दोन बोल्टवर इंजिनच्या प्लेटांमध्ये धरलेला असतो. एका बोल्टवर तो बिजागरीसारखा हलतो, दुसऱ्याचं भोक लांबट आहे. लांबट भोकाचा नट सैल करायचा, प्लॅटफॉर्म पेचकसने उचलून चेन ताणायची, नट आवळायचा. सगळी ॲडजस्टमेंट एवढीच. म्हणजे चेनचा ताण धरून ठेवतंय कोण? दात नाही, स्क्रू नाही, फक्त आवळलेल्या पृष्ठभागांचं घर्षण.

एका संध्याकाळी पुतण्याला गाडीवर बसवून आयडलला ठेवायला सांगितलं. चेनकेसचं झाकण बंद, हात फिरत्या भागांपासून लांब. प्लॅटफॉर्म आणि प्लेट जिथे मिळतात त्या फटीवर तेलाच्या कुपीतून पातळ तेलाचा एक थेंब सोडला आणि विजेरीच्या उजेडात बघत बसलो. थेंब फटीत ओढला गेला, मग बाहेर आला, परत आत गेला. त्याच्या कडेला मोहरीएवढे बुडबुडे. फट श्वास घेत होती. बोल्ट आवळलेला होता, पाना लावला तर हलत नव्हता, आणि तरीही जोड चालत होता.

दुसऱ्या दिवशी मॅग्नेटो उतरवला. प्लॅटफॉर्मवर आणि इंजिन प्लेटांवर चकचकीत काळं पावडर कोटिंग होतं. कोटिंगवाल्याला बोल लावण्यात अर्थ नाही, "सगळं काळं करा" असं मीच सांगितलं होतं. पावडर कोटिंगचा एक थर साधारण ६० ते १०० मायक्रॉनचा. प्लॅटफॉर्मच्या दोन कडा आणि दोन प्लेटांच्या दोन्ही बाजू मिळून सहा पृष्ठभाग, म्हणजे बोल्टच्या चिमटीत जवळपास अर्धा मिलिमीटर प्लास्टिक. आवळलं की ते लगेच दबत नाही. इंजिनच्या उष्णतेने आणि थरथरीने हळूहळू दबतं, बाजूला पसरतं. तेवढ्याने बोल्टचा ताण जातो, नट मात्र आपल्या जागी घट्ट दिसतो. वॉशरखाली कोटिंगचा गोल कडा असलेला खड्डा पडला होता, नखाला लागण्याइतका.

भरीला भर म्हणजे लांबट भोकावरचा वॉशर. कुणीतरी कधीतरी साधा पातळ पत्र्याचा वॉशर टाकला होता. तो भोकात बशीसारखा खचला होता. भोकाच्या एका कडेला बोल्टने खाचही पाडलेली, त्यामुळे आवळताना बोल्ट हमखास त्या जुन्या खाचेत घसरायचा आणि प्लॅटफॉर्म खाली यायचा. उद्यमनगरात लेथवाल्याकडे प्लॅटफॉर्म घेऊन गेलो. चेनची सगळी कर्मकहाणी ऐकून तो भोकात बोट घालून म्हणाला, "मालक, चेनी बदलून काय हुतंय? आधी भोक बघा की."

इलाज

जिथे जिथे धातू धातूला टेकायला हवा तिथलं कोटिंग खरवडून काढलं. ग्राइंडर नको, त्याने सपाटी जाते. पेंट रिमूव्हर लावायचा, लाकडी पट्टीने ढकलायचं, मग काचेवर पॉलिश पेपर ठेवून प्लॅटफॉर्मची कड त्यावर फिरवायची. उघड्या धातूला गंज नको म्हणून बसवताना तेलाचा हात पुसट फिरवला, रंग नाही. लांबट भोकाची खाच वेल्डिंगने भरून लेथवाल्याने कानशीने परत सारखी केली. वॉशर जाड, ३ मिमीचा, कडक पोलादाचा करून घेतला, भोकाच्या रुंदीपेक्षा चांगला मोठा.

पान्याबद्दल एक. हे नट व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाचे. मेट्रिक पाना जवळपास बसतो आणि कोपरे गोल करून टाकतो. कोपरे गोल झाले की माणूस भीतभीत आवळतो, आणि मग घर्षण कुठून येणार? पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी व्हिटवर्थ पाने अजून मिळतात. दोन-तीन मापं घेऊन ठेवा.

एवढं करून प्लॅटफॉर्म हलायचा थांबला. पण चेन फिरवताना एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी ढिली लागत होती. हे बहुतेक सगळ्याच जुन्या गाड्यांत आढळतं, आणि इथेच माणसं चुकतात. जिथे हात गेला तिथे मोजतात, तिथे ढिली लागली की ताणतात, मग तीच चेन अर्ध्या फेरीवर तारेसारखी ताठ होते.

ताठ जागा कशामुळे येते ते शोधायला चेनच्या एका लिंकवर आणि दोन्ही स्प्रॉकेटच्या एकेका दातावर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या. गाडी टॉपमध्ये टाकून, प्लग काढून, मागचं चाक हाताने फिरवत जा आणि ताठ जागा आली की ठिपके कुठे आहेत ते बघा. दर वेळी लिंकचा ठिपका त्याच जागी आला तर दोष चेनमध्ये आहे, चेन बदला. दाताचे ठिपके त्याच जागी आले तर एखादं स्प्रॉकेट मध्यापासून हटलेलं आहे. कुठलं ते ठिपक्यांवरून कळत नाही, कारण दोन्ही एकाच वेगाने फिरतात. मग मॅग्नेटोचं स्प्रॉकेट शाफ्टवरून सोडवून अर्धी फेरी फिरवून बसवा आणि परत बघा.

आणि इथे एक गंमत हाताशी येते. दोन्ही स्प्रॉकेट सारख्या दातांची असल्यामुळे, दोन्हींची हटलेली बाजू एकाच दिशेला आणली तर दोन मध्यांतलं अंतर जवळपास कायम राहतं. एकाची चूक दुसऱ्याच्या चुकीत मिटते. माझ्या गाडीत मॅग्नेटोचं स्प्रॉकेट बिनचावीच्या टेपरवर (शाफ्टच्या निमुळत्या टोकावर) बसतं, म्हणजे ते शाफ्टवर कुठल्याही कोनात बसवता येतं. आठ-दहा दातांवर बसवून बघितलं. एका ठिकाणी ताठ-ढिलीचा फरक चेनच्या मध्यावर एका सुतावरून जेमतेम अर्ध्या मिलिमीटरवर आला. खर्च शून्य. दुपार मात्र गेली, आणि घरच्यांचा जेवणाचा निरोप तीनदा येऊन परत गेला.

स्प्रॉकेट सोडवताना हातोडी लांब ठेवा. दोन पायांचा छोटा पुलर लावा, ताण द्या, पुलरच्या स्क्रूवर हलकी टिचकी मारा, टेपर सुटतो. आर्मेचरच्या शाफ्टवर घाव घातला तर शाफ्ट वाकतो, आणि तो खर्च चेनच्या शंभरपट.

ताणायचं किती? सर्वात ताठ जागेवर, चेनच्या मध्यभागी, बोटाने वर-खाली मिळून दोन सूत, पाव इंच. ढिल्या जागेवर नाही, ताठ जागेवर. नट आवळून झाल्यावर परत मोजा, कारण आवळताना प्लॅटफॉर्म थोडा उचलला किंवा बसला जातोच. मला दर वेळी दोन-तीनदा करावं लागतं. आवळल्यावर दोन सूत यायला हवेत म्हणून सैल असताना मी ते थोडे जास्तच ठेवतो.

मग टायमिंग

पॉइंटचा (मॅग्नेटोतल्या उघडमीट करणाऱ्या संपर्कांचा) गॅप आधी, ०.३० मिमी, म्हणजे बारा थाउ (इंचाचे बारा हजारांश). गॅप बदलला की टायमिंग बदलतं, म्हणून हे आधी.

जी३/एलला पूर्ण ॲडव्हान्सवर टीडीसीच्या (पिस्टन अगदी वर येण्याच्या) आधी ३९ अंश, किंवा पिस्टन अर्धा इंच खाली, चार सूत. दोन्ही एकच. मी डिग्रीची तबकडी वापरतो, कारण तिरप्या प्लगच्या भोकातून सळई घालून अर्धा इंच मोजताना सळई तिरकी जाते आणि माप फसवतं. कॉम्प्रेशन स्ट्रोक आहे ना ते टॅपेट दोन्ही मोकळे आहेत का बघून ठरवा. एक्झॉस्टवर लावलेलं टायमिंग मी बघितलंय, मालक दोन दिवस कार्ब्युरेटर साफ करत होता.

ॲडव्हान्स लिव्हर पूर्ण पुढे. केबल ओढल्यावर ॲडव्हान्स होतो की सोडल्यावर, हे मॅग्नेटोप्रमाणे बदलतं, त्यामुळे दुसऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका. पॉइंटचं झाकण काढून कॅम रिंग बघा: आर्मेचर ज्या दिशेने फिरतं त्याच्या उलट रिंग सरकली, की तो ॲडव्हान्स.

आता पिस्टन ३९ अंशांच्या बराच मागे न्या, मग इंजिन चालतं त्याच दिशेने हळू पुढे आणत खुणेवर थांबा. खूण ओलांडली तर नुसतं मागे घेऊ नका. परत बरंच मागे जाऊन पुन्हा पुढे या. नाहीतर चेनचा आणि गिअरचा झोल उलट्या बाजूला जातो आणि तुम्ही त्या झोलावर टायमिंग लावता. ही एक गोष्ट चुकल्यामुळे "लावलं होतं तरी परत हललं" असं वाटतं. हललेलं नसतं, लागलंच नव्हतं.

मॅग्नेटोचं स्प्रॉकेट टेपरवर सैल. पॉइंटमध्ये पतंगाचा पातळ कागद, किंवा सिगारेटचा, पट्टी कापून अडकवा. बल्ब लावून बघू नका, मॅग्नेटोत प्रायमरी वाइंडिंग पॉइंटला समांतर असतं, बल्ब काहीच नीट सांगत नाही. आर्मेचर त्याच्या फिरण्याच्या दिशेने हळू फिरवा आणि कागद हलका ओढत राहा. ज्या क्षणी कागद सुटतो तिथे थांबा. स्प्रॉकेट फिरण्याच्या उलट बाजूला बोटाने दाबून ठेवा, म्हणजे ओढीची बाजू ताणलेली राहते, आणि टेपरवर दाबून नट लावा. नट आवळताना स्प्रॉकेट केसभर फिरतं, म्हणून आवळून झाल्यावर मागे जाऊन, पुढे येऊन, कागद परत तपासा. ३८ ते ४० मध्ये कागद सुटला तर मी तिथे थांबतो. त्यापुढची बारकाई शर्यतवाल्यांनी करावी.

नॉर्टन डॉमिनेटरसारख्या गाड्यांत स्प्रॉकेटमध्येच ऑटो ॲडव्हान्स असतो. तिथे लिव्हरऐवजी ते युनिट पूर्ण उघडून लाकडाच्या पाचरीने अडकवून मग टायमिंग लावा, आणि पाचर काढायला विसरू नका.

चेनच्या लिंकची क्लिप: बंद तोंड फिरण्याच्या दिशेला, क्लिप बाहेरच्या बाजूला. झाकण लावण्याआधी त्याच्या आतल्या बाजूला प्लास्टिसिनची गोळी चिकटवून एक फेरी फिरवा. क्लिपचा ठसा किती खोल उमटतो त्यावरून मोकळी जागा कळते. ग्रीस मऊ, चेनच्या रोलरमध्ये बोटाने दाबून, मूठभर नाही. केस ग्रीसने भरली तर ते तापून पातळ होतं आणि मॅग्नेटोच्या दिशेने वाट काढतं. झाकण उघडताना आत इंजिनचं तेल साचलेलं दिसलं तर कॅमच्या मागचा सील गेलाय. ते आधी बघा, कारण तेलात बुडलेला मॅग्नेटो नंतर कितीही चेन ताणली तरी ठिणगी देत नाही.

नट आवळल्यावर मी नटावरून प्लेटवर आणि प्लॅटफॉर्मच्या कडेवरून प्लेटवर, अशा दोन बारीक पांढऱ्या रेघा ओढून ठेवल्या. पहिल्या ऐंशी किलोमीटरला झाकण उघडून बघितलं, मग चारशेला. नटावरची रेघ जागेवर असून प्लॅटफॉर्मवरची तुटली असती, तर अजून कुठेतरी रंग दबतोय हे कळलं असतं. दोन्ही जुळलेल्या होत्या. चेन दोन सूत.

राहिला एक प्रश्न, जो चेनचा विषय निघाला की हमखास येतो: हेडलाइट मंद झाला, मॅग्नेटोची चेन ढिली असेल का? नाही. या गाडीत डायनॅमो वेगळा आहे आणि त्याची चेनही वेगळी, डाव्या बाजूला प्रायमरी केसमध्ये. ती ताणायला डायनॅमोचा पट्टा सैल करून डायनॅमो स्वतःभोवती फिरवतात, शाफ्ट मध्यावर नसल्यामुळे चेन ताणली जाते. तिचा टायमिंगशी काही संबंध नाही. दिव्यासाठी डावीकडचं झाकण उघडा, उजवीकडचं नको.